त्या टोकाला किती पोहोचतं?

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं मी दोन ढिगांत लावायला घेतली होती, एक पैशांचा आणि एक सामानाचा. निम्मी वाचून होईपर्यंत लक्षात आलं की ढीग वेगळे करायचं कारणच नाही. पैसे पाठवणारा असो की खोकी, दुखणं तेच आहे: निघताना एक आकडा सांगितला आणि पोहोचल्यावर दुसराच निघाला. मी १९ वर्षं मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम केलं आणि त्याच काळात आमचं स्वतःचं बिऱ्हाड चार वेळा एका देशातून दुसऱ्या देशात हललं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले असल्यामुळे ही पत्रं वाचताना जीव तुटतो. सगळी इथे घेता येणार नाहीत. ज्या पत्रांत बऱ्याच जणांचा प्रश्न आहे, ती घेते.

प्रश्न: ताई, मी दर महिन्याला परदेशातून आईवडिलांच्या खात्यात पैसे पाठवतो. बँक माझ्याकडून फी वेगळी घेते, तरी तिकडे रक्कम कमीच जमा होते. लागोपाठ दोन महिने तर दोन वेगवेगळ्या रकमा कापल्या गेल्या. मधल्या मध्ये पैसे खातंय कोण?

उत्तर: कुणी चोरत नाही, पण पैसे वाटेत थांबतात आणि जिथे थांबतात तिथे कुणीतरी आपला वाटा काढून घेतं. ‘स्विफ्टने पाठवले’ म्हटलं की पैसे स्विफ्टमधून गेले असं आपल्याला वाटतं. स्विफ्ट ही १९७३ साली बँकांनी मिळून काढलेली, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली संस्था आहे आणि ती फक्त निरोप पोहोचवते: अमुक खात्यातून अमुक खात्यात इतके वळते करा. तुमच्या बँकेचा आईवडिलांच्या बँकेशी थेट व्यवहार नसेल, तर दोघींशी व्यवहार असलेली तिसरी बँक मध्ये घ्यावी लागते. कधी चौथीही येते. या मधल्या बँका तुम्हाला बिल पाठवत नाहीत, जाणाऱ्या रकमेतूनच फी कापतात. दर खेपेला मार्ग तोच असेल असंही नाही. म्हणून दोन महिन्यांत दोन वेगळे आकडे आले.

पैसे पाठवायच्या फॉर्मवर खर्च कुणाचा हे विचारणारा एक छोटा रकाना असतो. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याचा आणि ‘शा’ म्हणजे दोघांत वाटलेला. आपण तो रकाना न वाचता पुढे जातो. आमच्या दुसऱ्या स्थलांतरात घराची अनामत मी ‘शा’वर पाठवली. मधल्या बँकेने थोडी रक्कम कापली, तेवढी अनामत अपुरी पडली आणि उरलेली पोहोचेपर्यंत घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं. तेव्हा दोन लहान मुलांना घेऊन आम्ही पाच आठवडे एका खोलीत काढले. तेव्हापासून माझा नियम असा: अनामत, कॉलेजची फी, हप्ता, जिथे पूर्ण रक्कम पोहोचणं गरजेचं आहे तिथे ‘अवर’, थोडा महाग पडला तरी. घरखर्चासाठी ‘शा’ चालतो.

पण तुम्ही फीचा विचार करताय, आणि मोठी गळती बहुधा फीमध्ये नसतेच. ती दरात असते. बँका आपसात चलन ज्या भावाने घेतात आणि विकतात त्याचा मध्य म्हणजे मधला दर. तुम्हाला मिळणारा दर त्यापेक्षा कमी असतो आणि तो फरक पावतीवर ‘फी’ या नावाने कुठेच छापलेला नसतो. हजाराच्या रकमेवर दरात दोन टक्के फरक असला, तर वीस गेले. वर ‘शून्य फी’ असं लिहिलेलं असलं तरी गेलेच. म्हणून फी किती आणि दर किती असं वेगवेगळं विचारूच नका. एकच विचारा: मी आत्ता हजार दिले तर त्या टोकाच्या खात्यात त्यांच्या चलनात किती जमा होतील? दोन-तीन ठिकाणी हा एकच प्रश्न विचारायचा, तोही एकाच दिवशी, एकाच तासात, कारण दर हलत असतो. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. त्या दोन दिवसांत काही कंपन्या दरात जास्तीचा फरक ठेवतात. तुमचं काम सोमवारपर्यंत थांबण्यासारखं असेल तर थांबा.

ठरावीक फी असेल, तर दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवल्यास ती एकदाच लागते. आईवडिलांना दर महिन्याला येणाऱ्या पैशांची सवय असेल तर तीही मोडू नये असं मला वाटतं. त्यांच्या मनाची शांतता वाचलेल्या फीपेक्षा मोलाची आहे.

रक्कम अडकली तर नुसतं ‘पैसे पोहोचले नाहीत’ म्हणून काही हलत नाही. बँकेकडे यूईटीआर क्रमांक मागा. तो ३६ चिन्हांचा असतो आणि त्यावरून व्यवहार कोणत्या बँकेत उभा आहे ते दिसू शकतं. सोबत पेमेंट संदेशाची प्रत मागा. जुन्या पद्धतीत तिला एमटी१०३ म्हणत आणि अजून बरेच कर्मचारी तेच नाव ओळखतात.

आयबॅनबद्दल, म्हणजे अनेक देशांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाबद्दलही, सांगते. त्यातले देशाच्या अक्षरांनंतरचे दोन अंक पडताळणीचे असतात, त्यामुळे एखादा अंक चुकला तर फॉर्म पुढे जात नाही. पण पूर्ण बरोबर असलेला आयबॅन चुकीच्या माणसाचा असेल, तर हे अंक तुम्हाला वाचवू शकत नाहीत. युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना नाव आणि खाते क्रमांक जुळवून दाखवणं बंधनकारक झालं आहे. इतरत्र ते गृहीत धरू नका. नव्या खात्यात आधी छोटी रक्कम पाठवा, फोन करून पोहोचल्याची खात्री करा आणि मगच मोठी पाठवा.

प्रश्न: नमस्कार. घर हलवण्यासाठी तीन कंपन्यांचे दर मागवले आणि सगळ्यात स्वस्त होती ती निवडली. आता सामान बंदरात उतरलंय आणि ते सोडवायला जवळपास भाड्याइतकीच रक्कम मागत आहेत. इथे माझ्या ओळखीचं कुणी नाही. रात्री झोप येत नाही. ही फसवणूक नाही का?

उत्तर: तुमचं सामान अजून बंदरात आहे, म्हणून आधी आज काय करायचं ते सांगते. चर्चा नंतर.

प्रत्येक रकमेचं कारण वेगळं लिहिलेलं बिल मागा. एकत्रित आकडा स्वीकारू नका. तुमच्या मूळ कोटेशनची प्रत समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. जी रक्कम कोटेशनमध्ये आधीच धरलेली होती आणि पुन्हा मागितली आहे, तिथे खूण करा. मग लेखी कळवा: अमुक रकमांवर माझी हरकत आहे, पण सामान सोडवण्यासाठी मी हरकत नोंदवून भरत आहे. हे वाक्य ईमेलमध्ये असूद्या. भांडण मिटेपर्यंत सामान तिथेच ठेवू नका, कारण गोदामाचं भाडं दिवसाला चढतं आणि तुमची बाजू कितीही खरी असली तरी ते चढतच राहतं. सामान घरी आणा, भांडण घरून करा.

आता हे झालं कसं? तुमचं सामान पूर्ण कंटेनरचं नव्हतं, इतरांच्या सामानासोबत आलं. अशा सामानाचं समुद्रभाडं ही एकूण खर्चातली एकच पायरी असते. त्या टोकाला कंटेनर उतरवणं, तो उघडून प्रत्येकाचा माल वेगळा काढणं, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टमचं काम, तपासणी झाली तर तिचा खर्च, गोदाम, आणि मग घरापर्यंतचा ट्रक. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा ‘बंदर ते बंदर’ असतं. सांगताना मात्र ‘सगळं आमच्याकडे’ असं सांगितलं जातं. मी काम करत होते तेव्हा अशी कोटेशनं जाताना पाहिली आहेत आणि मला त्याची चीड होती, कारण हे आवळा देऊन कोहळा काढणं आहे. घर मागे सोडून आलेल्या, नव्या देशात भाषाही नीट न येणाऱ्या माणसाकडून बंदरावर पैसे काढणं सोपं असतं. तांत्रिकदृष्ट्या ती फसवणूक ठरेलच असं नाही, कारण बारीक अक्षरांत ‘पोहोचण्याच्या ठिकाणचे खर्च वगळून’ असं लिहिलेलं असू शकतं. तुमच्या कागदावर ते आहे का ते बघा. नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

जे अजून निघायचे आहेत त्यांनी कोटेशन मागतानाच लिहून द्यावं: दारापासून दारापर्यंत, दोन्ही टोकांच्या बंदरांचे खर्च धरून, आणि यात काय धरलेलं नाही त्याची यादी द्या. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. जी कंपनी काय वगळलंय ते नीट लिहून देते, ती महाग असली तरी मी तिच्याकडे जाईन.

मोजमापाचंही सांगते. सुट्या सामानाचं भाडं घनमीटर किंवा टन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. घरचं सामान हलकं आणि पसरट असतं, त्यामुळे जवळजवळ नेहमीच घनमीटर लागतो. वीस फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ घनमीटर आणि चाळीस फुटीची साधारण ६७. टेबलाचे पाय काढले नाहीत, तर टेबलाखालच्या हवेचंही भाडं तुम्ही भरता. सायकलचं हँडल आणि पेडलं काढा, कपाटं सुटी करा. अंदाज फोनवर नको, घरी माणूस बोलवून मोजून घ्या. पॅकिंग झाल्यावर आकार वाढतो, तो धरून अंदाज दिलाय का तेही विचारा. सामान वीस घनमीटरच्या पुढे जात असेल तर पूर्ण वीस फुटी कंटेनरचाही दर घेऊन बघा. तो बऱ्याचदा तितकाच पडतो आणि तुमचं सामान दुसऱ्या कुणाच्या अडलेल्या कागदांसाठी थांबत नाही. पूर्ण कंटेनर घेतलात तर दोन शब्द लक्षात ठेवा. डिमरेज म्हणजे भरलेला कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस बंदरात राहिल्याचा दंड. डिटेन्शन म्हणजे बाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून वेळेत परत न दिल्याचा. मोफत दिवस किती, हे दोन्हींसाठी वेगळं विचारा.

कागदांचं एक सांगायलाच हवं. एका कुटुंबाने बिल ऑफ लॅडिंगची (जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याच्या कागदाची) मूळ प्रत, मुलांचे जन्मदाखले आणि जुन्या घराचे कागद एका फायलीत नीट लावले आणि ती फाइल खोकं क्रमांक ३ मध्ये ठेवली. खोकं क्रमांक ३ कंटेनरच्या आत होतं, आणि कंटेनर सोडवायला तीच मूळ प्रत हवी होती. नवीन प्रती काढायला जहाज कंपनीने हमीपत्र मागितलं, त्यात कितीतरी दिवस गेले आणि रोजचा आकार चालूच होता. त्या बाईंचा फोनवरचा आवाज मला अजून आठवतो. मूळ कागद सोबतच्या पिशवीत ठेवा, किंवा मूळ कागदाविना माल सोडण्याची सोय, ज्याला टेलेक्स रिलीज म्हणतात, ती आधीच करून घ्या. आणि बिल ऑफ लॅडिंगवरचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, असलं पाहिजे.

प्रश्न: पैसे वाचवायला आम्ही सगळी खोकी स्वतः भरली. विमाही काढला होता. काचेचं आणि चिनीमातीचं बरंच फुटून आलं. विमा कंपनी म्हणते, ‘मालकाने स्वतः भरलेली खोकी’ म्हणून भरपाई नाही. मग विमा कशाचा होता?

उत्तर: तुमच्या प्रश्नाने मला खरंच वाईट वाटलं, कारण ही अट सही करताना कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. घरसामानाच्या पॉलिसींत स्वतः भरलेल्या खोक्यांना बहुतेक वेळा फक्त पूर्ण नुकसानाचं संरक्षण असतं: जहाज बुडालं, आग लागली, खोकंच हरवलं. आत काय फुटलं याची जबाबदारी ते घेत नाहीत, कारण ते कसं भरलं होतं हे त्यांच्या माणसाने पाहिलेलं नसतं. दावा पूर्ण सोडू नका. खोकं बाहेरून चेपलेलं, भिजलेलं होतं का? त्याचे फोटो आहेत का? सामान घेताना पावतीवर तसा शेरा मारला होता का? बाहेरून मार दिसत असेल तर पुन्हा लिहा.

पुढच्या वेळी कपडे, पुस्तकं, अंथरुणं स्वतः भरा. फुटणारं सगळं त्यांच्या माणसांकडून भरून घ्या आणि यादीवर ‘कंपनीने भरलं’ असं लिहून घ्या. चालू यंत्रं बंद होऊन आली आणि बाहेरून धक्क्याची खूण नसेल, तर तेही अनेक पॉलिसींतून वगळलेलं असतं. निघण्याआधी यंत्र चालू असल्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. किमती लिहिताना जुन्या वस्तूची जुनी किंमत लिहायची की नव्या देशात ती पुन्हा घेण्याची, हे पॉलिसीत बघा. एकूण किंमत कमी लावली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात, अगदी एकच वस्तू फुटली असली तरी.

‘विमा कशाचा’ या तुमच्या वाक्यावरून काही जण विम्याशिवायच पाठवायचं ठरवतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. बऱ्याच देशांत समुद्री मालवाहतुकीचे हेग-व्हिस्बी नियम लागतात. त्यांत मर्यादा आहे प्रत्येक नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, यांपैकी जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. यात एक बारकावा आहे आणि तो तुमच्या हातात आहे: बिल ऑफ लॅडिंगवर ‘१४२ नग’ असं लिहिलं असेल तर १४२ नग धरतात, आणि नुसतं ‘एक कंटेनर, घरसामान’ असं लिहिलं तर अख्खा कंटेनर एकच नग ठरू शकतो. हा एक आकडा लिहून घ्यायला पैसे लागत नाहीत. विमानाने येणाऱ्या मालाला मॉन्ट्रियल कराराखाली २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर अशी मर्यादा आहे. अमेरिकेच्या समुद्री कायद्यात ती नगाला ५०० डॉलर आहे.

आणि दुसरं कारण, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर जहाजाच्या मालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केलं. सागरी व्यापाराचा हा फार जुना नियम आहे. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जो विशेष खर्च किंवा त्याग होतो, तो जहाजावरच्या सर्व मालाच्या मालकांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. तुमचं एकही खोकं ओलं झालेलं नसलं तरी तुमचा वाटा असतो, आणि हमी किंवा रोख अनामत दिल्याशिवाय माल हातात मिळत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर नव्या देशात, पहिल्या पगाराच्या आधी, ती तुम्हाला उभी करावी लागते. तुमच्या पॉलिसीत काच बसली नाही, पण हे बसलं होतं. मी फक्त एवढ्यासाठीही विमा काढेन.

प्रश्न: मुलीच्या वाढदिवसाला घरून कपडे आणि पुस्तकांचं पार्सल आलं. फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिहिलं होतं, तरी कर आणि वर कुरिअरची फी भरावी लागली. आधी असं होत नव्हतं.

उत्तर: ‘गिफ्ट’ हा शब्द माफी देत नाही, तो फक्त वेगळ्या मर्यादेच्या रांगेत उभं करतो. युरोपीय संघात माणसाने माणसाला पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत सूट आहे. विकत मागवलेल्या मालाला तिथे पूर्वी छोट्या रकमेपर्यंत मूल्यवर्धित कराची माफी होती, ती १ जुलै २०२१ पासून गेली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली गेली आणि भेटीसाठीची १०० डॉलरची मर्यादा राहिली. ‘आधी असं नव्हतं’ हे तुमचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे. पाठवण्याआधी त्या देशाच्या कस्टमच्या अधिकृत पानावर आजची मर्यादा बघायला घरच्यांना सांगा.

टपालाच्या पार्सलावर आत काय आहे ते कस्टमला सांगणारा सीएन२२ किंवा सीएन२३ फॉर्म लागतो. ३०० एसडीआरपर्यंतच्या किमतीला पहिला पुरतो, पुढे दुसरा. ‘कपडे’ एवढं लिहू नका. ‘मुलीचे सुती फ्रॉक, २ नग, नवीन’ असं लिहा. किंमत खोटी कमी लिहू नका. पकडलं गेलं तर दंड होतो, आणि हरवलं तर भरपाई त्याच खोट्या किमतीवर मिळते. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कर भरते आणि त्या कामाची वेगळी फी लावते, तीच तुम्हाला लागली. वजनाचंही बघा. कुरिअरवाले सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. ६० × ४० × ४० चं खोकं १९.२ किलोचं धरलं जातं, आत सात किलो असले तरी. पुस्तकं आणि कपडे लहान, घट्ट खोक्यात यायला हवेत.

प्रश्न: मी वर्षातला काही काळ एका देशात, काही दुसऱ्या देशात असतो. बँक ‘करनिवासी कुठले’ असा फॉर्म भरायला सांगते आहे. काय लिहू?

उत्तर: करनिवासी म्हणजे कराच्या हिशेबाने तुम्ही ज्या देशाचे रहिवासी ठरता तो. खरं ते लिहा, आणि दोन्हीकडे निवासी ठरत असाल तर दोन्ही लिहा. ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सीआरएस व्यवस्थेनुसार २०१७ पासून शंभराहून अधिक ठिकाणची करखाती खात्यांची माहिती एकमेकांना देऊ लागली आहेत, त्यामुळे बँक हा फॉर्म सोडणार नाही. वर्षात १८३ दिवस राहिलं की निवासी, असा हिशेब अनेक देशांत आहे, पण फक्त तेवढ्यावर निवास ठरत नाही. दोन देशांत करार असेल तर साधारण हा क्रम लागतो: कायमचं घर कुठे, कुटुंब आणि व्यवहार कुठे जास्त, नेहमीचं राहणं कुठे, आणि शेवटी नागरिकत्व. अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर कुठेही राहत असलात तरी तिथे विवरणपत्राचा प्रश्न येतोच. प्रवासाच्या तारखांची वही ठेवा. हा एकच प्रश्न असा आहे की मी करसल्लागाराला पैसे द्यायला सांगेन.

प्रश्न: ताई, तीन आठवड्यांनी निघतोय. पहिलीच वेळ. काय राहून जातं?

उत्तर: सगळ्यात आधी जुना फोन नंबर. बँकेचे ओटीपी त्यावर येतात. लोक तो बंद करून निघतात आणि मग स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. नंबर चालू ठेवा, किंवा बँकेत जाऊन दुसरी पडताळणी लावून घ्या आणि निघण्याआधी एकदा वापरून बघा. जुनं खातं घाईने बंद करू नका. वीजबिलाची, घराची अनामत त्यातच परत यायची असते.

कागद ज्या देशाने दिला, त्याच देशात त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला, होतो. १९६१ च्या हेग करारातली ही सोय आहे. जन्मदाखला, विवाहदाखला, पदवी यांचा अपोस्टिल आत्ताच घ्या. दुसऱ्या देशातून तो मागवणं फार त्रासाचं असतं. बँक आणि कर्जाचा जुना इतिहास नव्या देशात सहसा धरत नाहीत. तरी जुन्या बँकेचं आणि घरमालकाचं पत्र सोबत घ्या, घर शोधताना मदत होते.

वापरलेलं घरसामान करमुक्त नेण्याची सवलत बहुतेक देशांत असते, पण तिच्या अटी आहेत. युरोपीय संघात तुम्ही आधी किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेले असावे लागता, वस्तू किमान सहा महिने वापरलेल्या असाव्या लागतात आणि पुढचे १२ महिने त्या विकता किंवा भाड्याने देता येत नाहीत. अमेरिकेत घरसामान वर्षभर वापरलेलं असावं लागतं. कॅनडात पहिल्यांदा उतरतानाच मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यावी लागते. म्हणून निघताना नवीकोरी यंत्रं घेऊन कंटेनरमध्ये भरू नका. यंत्राच्या पाठीवरची पट्टीही वाचा. ‘१००–२४०’ व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलते, एकच आकडा असेल तर ते यंत्र मागे ठेवायचा विचार करा. लाकडी पेटी बनवून घेणार असाल तर तिच्यावर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. ते लाकूड सहसा ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, म्हणजे त्यातली कीड मरते. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर सायकल आणि बुटांना चिकटलेली माती पूर्ण धुऊन काढा. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा.

आणि यादी. आमच्या पहिल्या स्थलांतरात मी १६ खोक्यांपुढे ‘किरकोळ सामान’ असं लिहिलं होतं. कस्टमने ती सोळाच्या सोळा उघडली. तपासणीचा खर्च आम्ही भरला आणि मुलांची खेळणी अर्धी उघड्यावर आली. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या. यादीत आतल्या पाच-सहा वस्तू, वापरलेल्या की नव्या, आणि अंदाजे किंमत लिहा. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. रोज तीन-चार खोकी लिहिलीत तरी वेळेत होईल. पहिलं पान झालं की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, मी वाचून दुरुस्त करून परत पाठवते.